चार वाजताचं रीडिंग

तुम्ही एका मेलेल्या माणसावर खोटा आळ घेताय, आणि तोही ब्राँझमध्ये ओतून.

कागदावर घेतला असतात तर कुणीतरी कधीतरी खोडला असता. तुम्ही, म्युझियमच्या बोर्डानं, चांगली आठ फुटी पाटी करून घेतलीत. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता, ब्राझोस नदीच्या काठावर जुन्या धक्क्यापाशी, शाळेच्या बँडच्या साथीनं तुम्ही तिच्यावरचं कापड ओढणार आहात. तुमच्या मसुद्यात पाटीतली सहावी ओळ अशी आहे: ‘फायरमन जुबल मेबरी याच्या हलगर्जीपणामुळे बॉयलर फुटून अकरा जण मृत्यू पावले, कॅप्टन एलायस थॉर्नबी यांनी प्रसंगावधान राखून उरलेल्या सर्वांचे प्राण वाचवले.’

या ओळीचा पहिला अर्धा भाग तुम्हाला सिद्ध करता येत नाही, आणि येत नाही हे तुम्हाला मार्चपासून माहीत आहे. मीच सांगितलंय. एकदा तोंडी, तीनदा लेखी, एकदा तुमच्या सभेत उभा राहून. पाचही वेळा तुम्ही माझे आभार मानलेत. तुमचे आभार ठेवायला आता माझ्याकडे जागा नाही.

हे मराठीत लिहितोय, कारण मला नीट रागावता येतं ते याच भाषेत. इंग्रजीत लिहायला बसलो की माझी नात आन्या टाइप करून देते आणि प्रत्येक वाक्यात एक ‘प्लीज’ घालते. वर म्हणते, “आजोबा, यू कान्ट से दॅट टू अ बोर्ड.” का नाही म्हणता येत? बोर्डाला काय शिंगं असतात? तुमच्यासाठी आन्या उद्याच भाषांतर करून पाठवील. तोवर आपल्या माणसांना तरी कळू दे काय चाललंय.

मी विष्णू खराडे. वय एकाहत्तर. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलरवर होतो. आधी उसाचा चोथा भट्टीत ढकलणारा, मग भट्टीची आग सांभाळणारा फायरमन, मग परीक्षा देऊन फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट. बायको गेल्यावर मुलगा सत्यजित मला टेक्ससला, शुगर लँडला घेऊन आला. गावाचं नाव ऐकून मला वाटलं, चला, कारखान्याचा भोंगा तरी ऐकू येईल. कारखाना कधीच बंद पडलाय. इथं ज्याला गाडी चालवता येत नाही तो माणूस म्हणजे कुंडीतलं झाड. कुणी उचलून ठेवील तिथं राहायचं.

सत्यजित म्हणाला, “बाबा, तुम्ही दिवसभर गॅरेजमध्ये बसून वॉटर हीटरचा आवाज ऐकत बसता. हे नॉर्मल नाहीये.”

“त्याचा व्हॉल्व्ह गळतोय.”

“नाही गळत, बाबा.”

गळत होता. पुढच्या महिन्यात गॅरेजभर पाणी झालं. पण तोवर सूनबाईंनी, सुमेधानं, माझं नाव तुमच्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून घातलं होतं. घरापासून पंचवीस मिनिटं. मंगळवारी आणि गुरुवारी सुमेधा सोडायची, शाळा सुटल्यावर आन्या स्वतः गाडी चालवत आणायला यायची, इथं सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं.

तुमचे डायरेक्टर भले गृहस्थ आहेत, हे मी आजही म्हणतो. उंच, पिकल्या दाढीचे. दर वर्षी ‘कॅप्टन डे’ला निळा कोट आणि सोनेरी बटणं घालून तेच कॅप्टन थॉर्नबी होतात. शाळेची पोरं कागदी टोप्या घालून त्यांच्याभोवती शिट्ट्या फुंकतात. सव्वीस वर्षं दर ऑक्टोबरात थॉर्नबी झालेला माणूस थॉर्नबीविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही, एवढी अक्कल मला तेव्हा यायला हवी होती.

माझं इंग्रजी बेताचं म्हणून त्यांनी मला इंग्रजी न लागणारं काम दिलं. आकडे. ‘ऑगस्टा थॉर्नबी’ नावाच्या आगबोटीची तीन लॉगबुकं तुमच्याकडे आहेत. रोजच्या पानावर तास, वाफेचं प्रेशर, बॉयलरमधलं पाणी, जाळलेलं लाकूड. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं. बाकीचे व्हॉलंटियर दोन पानांत कंटाळून पळाले होते. मी चौदा महिने बसलो. मला कंटाळा कसला येतोय! दीडशे वर्षांपूर्वीच्या बॉयलरशी मी आठवड्यातून दोन दिवस चार-चार तास बोलत होतो.

खोटं कशाला सांगू, मला थॉर्नबी आवडायला लागला होता.

ओहायोकाठचा पोरगा. बाराव्या वर्षी बाप कॉलऱ्यानं गेला, तसा लाकडाच्या तराफ्यावर बसून निघाला. पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर बांबूनं तळ मोजत, कापसाच्या गाठींवर झोपत काढली. ब्राझोस म्हणजे काही मोठी सरळ नदी नाही. लाल गढूळ पाणी, प्रत्येक पुरानंतर जागा बदलणारी वाळू, पाण्याखाली आडवी झालेली झाडं. अशा नदीवर बोट चालवणारा माणूस नदीला घाबरूनच चालवतो. थॉर्नबी वाळूच्या उंचवट्याशी आला की स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरायचा आणि पायानं चाचपून वाट काढायचा. बायकोला लिहिलेली त्याची पत्रं आन्यानं मला वाचून दाखवली. एका पत्रात तो म्हणतो, “ऑगस्टा, नदी काल होती तिथं आज नाही, आणि गिऱ्हाइकाला माल मात्र कालच्याच वेळेला हवा.” हे वाचून मी आन्याला म्हणालो, “हा आपल्या कारखान्यात होता काय गं?”

चाळिशीत त्यानं स्वतःची बोट बांधली. बायकोचं नाव दिलं. वर कापूस, खाली साखरेची पिंपं, मागं फिरणारं मोठं चाक. आणि बरोबर त्याच वेळी काठाकाठानं रेल्वे आली. मळेवाले म्हणायला लागले, कॅप्टन, आगगाडी वेळेवर येते, तुझी बोट कधी येईल ते देवाला ठाऊक. तिथून पुढं थॉर्नबीच्या पत्रांत नदी नाही, बायको नाही, नुसती वेळ आहे. किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो. इंजिनियर त्याच्याशी भांडून १८७० च्या उन्हाळ्यात सोडून गेला. नवा ठेवला नाही. सुकाणूही कॅप्टनच धरणार आणि बॉयलरचा लॉगही कॅप्टनच लिहिणार. सुकाणू वरच्या मजल्यावर, बॉयलर खाली. आता मला सांगा, एकच माणूस दर तासाला दोन ठिकाणी कसा असेल?

नव्हताच. मला ते दुसऱ्या लॉगबुकाच्या मध्यावरच कळलं होतं.

बॉयलर कधी एकसारखा चालत नाही. लाकूड ओलं निघतं, पाणी गार येतं, काटा खाली बसतो, पुन्हा चढतो. खऱ्या लॉगमध्ये बहात्तर येतं, अठ्ठ्याऐंशी येतं, एखाद्या तासाला आकडाच नसतो कारण लिहिणारा धावत असतो. इंजिनियर सोडून गेल्यावरची पानं पाहिली तर ऐंशी, ऐंशी, ब्याऐंशी, ऐंशी, ऐंशी. शाईही तीच, टाकाचा दाबही तोच, वरपासून खालपर्यंत. सकाळी निघायच्या आधी, एका बैठकीत, अख्ख्या दिवसाचा लॉग. मी मनात हसलो. म्हटलं, वा रे गड्या, तूसुद्धा!

हसलो आणि भरत राहिलो. हे माझं चुकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आता मिस ओडेसांबद्दल. मिस ओडेसा मेबरी तुमच्या तिकिटाच्या खिडकीत बसायच्या. वय ब्याऐंशी. इथं मोठ्या बाईला ‘मिस’ म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. एकतीस वर्षं त्यांनी याच गावात शाळेची बस चालवली. तुमच्या कमिटीतल्या निम्म्या लोकांना लहानपणी त्यांनी शाळेत पोचवलंय. मला त्या ‘मिस्टर व्ही’ म्हणतात. दुपारी आम्ही दोघं मागच्या खोलीत डबा खायचो. माझी शेंगदाण्याची चटणी त्यांनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हणाल्या, “मिस्टर व्ही, हे पोळीला लावण्यात वाया घालवतोस. चमच्यानं दे.”

मार्चमध्ये एकदा त्या चर्चच्या जेवणाची तयारी सांगत होत्या. दर वेळी यांचं बटाट्याचं सॅलड.

मी म्हणालो, “मिस ओडेसा, एवढं छान चिकन करता घरी, चर्चमध्ये नेहमी गार पदार्थच का नेता?”

“मेबरींच्या बाईनं चर्चमध्ये शेगडी पेटवायची नाही.”

“का बरं?”

“माझ्या पणजोबांनी अकरा माणसं जाळली ना, बेबी.” आणि हसल्या. “माझी आई सॅलड न्यायची, आत्या सॅलड न्यायची. कुणी नवीन सून आली आणि चुकून काडेपेटीला हात लावला की सगळं चर्च ओरडतं, ‘पळा, मेबरी आली!’ आता नुसती चेष्टाच राहिलीय. पण शेगडीजवळ मला अजून कुणी उभं करत नाही.”

साठ वर्षं बटाट्याचं सॅलड. मी विचारलं, पणजोबांचं नाव काय? म्हणाल्या, जुबल. तेवीस वर्षांचा होता. स्फोटात तोही मेला. बायकोच्या पदरी दोन वर्षांचं पोर.

मी डबा तसाच ठेवला आणि आत गेलो. शेवटचं पान अजून भरायचं होतं. १७ ऑक्टोबर १८७१.

बोट फुटली त्या दिवसाची हकीगत तुमच्याच भिंतीवर लावलेली आहे. चौकशीत थॉर्नबी बोलला ते असं: दोन वाजता मी स्वतः खाली जाऊन पाहिलं, प्रेशर ऐंशी, पाणी बरोबर, लॉगमध्ये नोंद आहे. दोन वीसला बॉयलर गेला. म्हणजे मधल्या वीस मिनिटांत फायरमन झोपला आणि त्यानं पाणी उतरू दिलं, बॉयलर कोरडा तापून फुटला. चौकशीवाल्यांनी दोन वाजताची तेवढी ओळ त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतली आणि मान डोलावली. फायरमन उत्तर द्यायला जिवंत नव्हता. थॉर्नबी पुढं बत्तीस वर्षं जगला, न्यायाधीश झाला, त्याच्या नावाची शाळा झाली.

मी पान उघडलं. सकाळी सहापासून ओळी. बारा वाजता ऐंशी. एक वाजता ऐंशी. दोन वाजता ऐंशी.

तीन वाजता ऐंशी. चार वाजता ब्याऐंशी.

मी चष्मा पुसला. दोन वीसला बॉयलरचे तुकडे नदीत पडले होते, आणि चार वाजता त्यात ब्याऐंशी पौंड वाफ होती! ते ब्याऐंशी मला फार ओळखीचं. सगळेच ऐंशी लिहिले की साहेब हटकतो, म्हणून मध्येच एखादा ब्याऐंशी टाकायचा. पानं नंबर घालून शिवलेली, म्हणून बिचाऱ्याला फाडताही आलं नसेल. फाडलेलं पान जास्त बोलतं.

एरवी तुमच्या काचेच्या कपाटात हे लॉगबुक ठेवलेलं असायचं, पण उघडं असायचं पहिल्या पानावर, जिथं थॉर्नबीनं बोटीचं चित्र काढलंय. आणि शेजारी, वीतभर अंतरावर, त्याचं खिशातलं घड्याळ. पाण्यात पडून बंद पडलेलं. दोन वाजून वीस मिनिटं.

मी डायरेक्टरना हाताला धरून आणलं. त्यांनी पान पाहिलं, घड्याळ पाहिलं, दाढी कुरवाळली. म्हणाले, “व्हिश्नू, त्या काळी सगळीकडे एकच वेळ नव्हती. बोटीचं घड्याळ वेगळं, गावाचं वेगळं.”

“हे घड्याळ बोटीवरचंच आहे, साहेब. त्याच्याच खिशातलं.”

“कदाचित त्यानं नंतर भरलं असेल. धक्क्यात होता बिचारा.”

“धक्क्यात माणूस बुडालेल्या बॉयलरचं प्रेशर लिहितो?”

“आपण नंतर बोलू,” ते म्हणाले. “थँक यू फॉर युअर पॅशन.”

पॅशन! चौतीस वर्षं बॉयलरवर काम केलेल्या माणसाला सांगताय की हा त्याचा छंद आहे.

मग दोन पत्रं. मग तुमची ऑगस्टमधली सभा. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. सत्यजितनं सुट्टी काढून मला आणलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण सत्यजित ह्यूस्टनला तेल कंपन्यांची सेफ्टी ऑडिट करतो. कुठल्या प्लांटवर कामगार खोटे रीडिंग लिहितात ते पकडणं हीच त्याची नोकरी. गाडीत त्यानं मला तीन वेळा बजावलं, “बाबा, फक्त पान दाखवा आणि बसा. तुमच्या कारखान्याचं काही काढू नका. ही सभा ऑनलाइन दिसते.”

मी पान दाखवलं. आन्यानं पाठ करून घेतलेली इंग्रजी वाक्यं म्हटली. दोन वाजताच्या नोंदीवर तुमची सगळी सहावी ओळ उभी आहे. ती नोंद सकाळीच लिहिलेली, म्हणजे ती नोंदच नव्हे. जुबल झोपला होता की जागा, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मग ब्राँझमध्ये कसं लिहिता?

तुमच्यातले वकील गोड हसून म्हणाले, “मिस्टर खराडे, एखाद्यानं पुढच्या दोन ओळी चुकून आधी भरल्या असतील. त्यावरून अख्खा दिवस आधीच लिहिला होता, हे तुम्ही कसं ओळखता? तुम्हाला याचा काही विशेष अनुभव आहे?”

सत्यजितनं मागून माझी बाही धरली. “बाबा, बसा खाली. प्लीज.”

पिवळा दिवा लागला होता.

“आहे,” मी म्हणालो. “एकोणीस वर्षांचा. मी हेच करायचो. पाळीवर आलो की चहा, तंबाखू, आणि आठही तासांचे आकडे एकदम. त्यातला एक ब्याऐंशी.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं खोट्या नोंदी केल्या, असं ऑन रेकॉर्ड सांगताय?”

“हो.”

“थँक यू, सर. मला एवढंच विचारायचं होतं.”

लाल दिवा. दोनतीन लोक हसले. तुमच्या अध्यक्षीणबाईंनी माझे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला, पार्किंगच्या रंगाचा.

मी लबाड, म्हणून माझी साक्ष बाद. ठीक. मग थॉर्नबीची का बाद नाही? तुमचा कॅप्टन आणि मी एकाच कामातले चोर. माझा बॉयलर फुटला नाही, यात माझी काही हुशारी नाही. थॉर्नबीची अडचणही मी तुमच्यापेक्षा जास्त समजतो. तुम्हाला तो पुतळा म्हणून हवाय. मी त्याला दमलेला, वेळेच्या मागं लागलेला, वर सुकाणू धरून खालच्या बॉयलरवर देवाचं नाव घेणारा माणूस म्हणून ओळखतो. त्याचा अपमान मी केलेला नाही.

पार्किंगमध्ये डांबर वितळेल असं ऊन. सत्यजित गाडीचं दार उघडून उभा राहिला आणि आत बसलाच नाही.

“काय गरज होती? मी रोज लोकांना यासाठी फैलावर घेतो, बाबा! एका माणसाची तर माझ्या रिपोर्टवरून नोकरी गेली. उद्या ऑफिसात कुणी व्हिडिओ पाहिला तर मी काय सांगू, हे आमच्या घरातलंच आहे?”

“त्यांनी विचारलं, अनुभव आहे का.”

“प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं नसतं!”

“हे तू ऑडिटमध्ये सांगतोस का लोकांना?”

मग त्याच्या मागून मिस ओडेसा येताना दिसल्या, काठी टेकत, चर्चला घालतात ती टोपी घालून. मला वाटलं, शाबासकी देतील. म्हाताऱ्याची हाव बघा.

“मिस्टर व्ही, तू खरंच खोटं लिहायचास?”

“हो.”

“आणि खाली भट्टीवर कोण असायचं?”

“फायरमन.”

“नाव असेल ना त्याला.”

“महादेव.”

“बॉयलर गेला असता, तर तुझ्या वहीत काय निघालं असतं?”

त्या थांबल्या. एकतीस वर्षं बस चालवलेली बाई, पोरगं खरं बोलेपर्यंत गाडी हलवायची नाही ही सवय.

“सगळं ठीक होतं, असं निघालं असतं,” मी म्हणालो.

“मग दोष कुणावर गेला असता?”

“महादेववर.”

त्यांनी मान हलवली. रागानं नव्हे, हिशोब पुरा झाल्यासारखी. “गुड डे, मिस्टर व्ही,” म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या. पुढचे तीन आठवडे त्या खिडकीत बसायलाही आल्या नाहीत, माझ्याशी बोलल्या नाहीत. फोन केला तर उचलला नाही. गुरुवारी मागच्या खोलीत एकटाच डबा उघडून बसलो आणि तसाच बंद केला.

महादेव कोळेकर अजून आहे, कवठ्याजवळ. मी त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अहो, आम्हाला ठाऊकच होतं की. तुम्ही लिहायचा आन् आम्ही गेजकाचेपाशी पाणी बघत ठाण मांडून बसायचो. तुम्ही लिहिलंय म्हणून तर डोळा लागायचा न्हाई.” चौतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

हेही मी तुम्हाला लिहून कळवलंय. आन्यानं इंग्रजी केलं, ‘प्लीज’ न घालता. मी ‘घालू नको’ म्हणालो नव्हतो, तिनंच गाळले. आणि मला न सांगता सत्यजितनंही एक ईमेल तुम्हाला पाठवली. सुमेधानं मला दाखवली. चार ओळींची. ‘मी व्यवसायानं सेफ्टी ऑडिटर आहे. ही पानं मी स्वतः पाहिली. आज माझ्यासमोर अशी शीट आली तर मी ती पहिल्या मिनिटात नापास करीन. या शीटच्या आधारावर कुठल्याही कामगाराला दोषी धरता येणार नाही.’ खाली पूर्ण नाव, लायसन्स नंबर. त्यानं मला अजून याबद्दल एक शब्द सांगितलेला नाही, मीही विचारलेला नाही.

तुमचं उत्तर आलं, ते असं: माझ्या सेवेबद्दल कृतज्ञता, व्हॉलंटियर कार्यक्रमाची फेररचना, माझी यापुढे आवश्यकता नाही. सत्यजितला काहीच नाही. मी बॅज परत द्यायला आलो तेव्हा काचेचं कपाट पाहिलं. घड्याळ जागेवर आहे. लॉगबुक नाही. खिडकीतल्या नव्या मुलीनं सांगितलं, “कन्झर्वेशनला गेलंय.” दीडशे वर्षं टिकलं आणि या सप्टेंबरातच त्याची तब्येत बिघडली! माझ्या चौदा महिन्यांच्या आकड्यांची फाइलही तुमच्या वेबसाइटवर उघडत नाही.

काल संध्याकाळी मिस ओडेसांचा फोन आला. तीन आठवड्यांनी.

“मिस्टर व्ही, मला कार्ड आलंय. जाड कागदाचं. शनिवारी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय माझ्यासाठी. ‘मेबरी कुटुंबाच्या प्रतिनिधी’ असं लिहिलंय. कापड काढायला डायरेक्टरबरोबर मी पण दोरी धरायची म्हणे.”

मी म्हणालो, “त्यांनी ती ओळ बदलली असेल म्हणून बोलावत असतील.”

“असेल. किंवा मी दोरी ओढीन आणि सगळ्या गावासमोर, माझ्या हातानं, पाटीवर जुबलचं नाव निघेल. मी म्युझियमला फोन केला, विचारलं, पाटीवर काय आहे? ती मुलगी म्हणाली, सरप्राइज आहे, मॅम.” मग म्हणाल्या, “मी ब्याऐंशी वर्षांची आहे. मला सरप्राइज नकोय. तू खोटं लिहिणारा माणूस आहेस, पण विचारलं की खरं सांगतोस. म्हणून तुला विचारते. मी जाऊ की नको?”

मला माहीत नाही, असं मी त्यांना सांगितलं. शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणालो.

तर आता आभार नकोत, फेररचना नको, डायरेक्टरची दाढी कुरवाळणं नको. ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात तुम्ही दोरी देताय. त्या कापडाखाली जुबल मेबरीला दोषी ठरवणारी ती ओळ आहे की काढलीत? एका शब्दात सांगा, आणि शुक्रवारी संध्याकाळच्या आत सांगा. मला तिला फोन करायचा आहे. मी तिला काय सांगू?